वाजवून घेतलेलं मडकं

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, सांता फेच्या चौकात एक लांबलचक, बुटकी, मातीची इमारत आहे. स्पॅनिश गव्हर्नरांचा जुना वाडा, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. तिच्या पडवीत भिंतीला पाठ टेकून मूलनिवासी कारागीर ओळीनं बसलेले असतात. पुढ्यात चादर, चादरीवर चांदीचे दागिने, पिरोजाचे हार, मडकी. कुणी कुठे बसायचं ते रोज सकाळी चिठ्ठ्या टाकून ठरतं, आणि स्वतः किंवा घरच्यांनी केलेलीच वस्तू विकायची असा तिथला नियम आहे. इथून जवळच, लॉस अलामॉसला आमच्या घरी पाहुणे आले की मी त्यांना हमखास इथे आणते. त्या दिवशी पाहुणे नव्हते. मी एकटीच होते आणि मला वेळ होता, म्हणून हे सगळं झालं.

एका चादरीवर संक्रांतीच्या सुगडाएवढं एक काळंभोर मडकं होतं. इतकं घोटलेलं की पडवीचे खांब त्यात उलटे दिसत होते. मी ते उचललं, डाव्या तळहातावर घेतलं आणि उजव्या हाताच्या बोटाचं पेर वाकवून टण्‌कन वाजवलं. वाजवल्यावर कळलं आपण काय केलं ते. शेजारच्या चादरीवरची बाई श्वास रोखून बघत होती. मडकंवाली सत्तरीची असेल, पांढऱ्या केसांची, कपाळावर सरळ कापलेली झुलपं. तिनं फक्त विचारलं, "काय ऐकू आलं?"

मी ओशाळून सांगितलं की आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याचा माठ घेतात तो वाजवल्याशिवाय घेत नाहीत. तडा असेल तर बद्द वाजतो.

"मग? फुटलंय का?"

"नाही."

"मला माहितीये. मीही वाजवूनच आणलंय."

किंमत होती १२० डॉलर. एवढ्यात आमच्या गावातल्या कुंभाराचा अख्खा आवा आला असता. मी मडकं खाली ठेवून निघून गेले, कॉफी प्याले आणि अर्ध्या तासानं परत येऊन विकत घेतलं. पैसे देताना सहज म्हणून विचारलं, तुम्ही शिकवता का. तिनं उत्तर दिलं नाही, माझे हात मागितले. उलटसुलट करून बघितले. "या हातांनी काय करतेस?" म्हटलं, हिशेब लिहिते. लोकांचे कर भरून देते. ती मोठ्यांदा हसली आणि एका कागदावर लेकीचा फोन नंबर लिहून दिला. पाऊस संपला की दोन-तीन माणसं घेते म्हणाली.

लेकीनं फोनवरच दोन अटी घातल्या. गावाचं आणि घरच्या कुणाचं नाव कुठे लिहायचं नाही, आणि माती कुठून येते ते विचारायचं नाही. म्हणून इथे एवढंच सांगते: न्यू मेक्सिकोत आज १९ प्वेब्लो आहेत. प्वेब्लो म्हणजे स्पॅनिशमध्ये गाव. मातीची घरं बांधून पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिलेल्या या लोकांना स्पॅनिशांनी तेच नाव दिलं. त्यांतल्या सहा गावांत तेवा भाषा बोलतात. त्या सहांतलं हे एक. रिओ ग्रांदे नदी हाकेच्या अंतरावर. तेवात आजीला साया म्हणतात. घरात सगळे म्हातारीला साया म्हणायचे, दुसऱ्या शनिवारपासून मीही म्हणायला लागले.

पहिल्याच दिवशी मला जरा लागलं. परसातल्या शेडमध्ये मातीची पोती होती. राखाडी ढेकळं, वाळलेली. मला वाटलं होतं, आपण टोपल्या घेऊन डोंगरात जाऊ, माती खणू. तर लेक म्हणाली, ते आम्ही घरचे करतो. माती घेण्याआधी मक्याचं पीठ वाहून तिची परवानगी मागायची असते. माती ही त्यांच्या लेखी म्हातारी आई आहे, तिच्याकडे लागेल तेवढंच मागायचं. त्या वेळी काय बोलतात ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. घरी येताना गाडीत मात्र धुसफुसत होते, एवढी फी भरली आणि सुरुवातच हातातून गेली. नंतर विचार केला, फी भरली ती शिकण्याची. आईची ओळख फीमध्ये येत नाही.

ढेकळं भिजायला आठवडाभर पाण्यात. मग चिखल ढवळून चाळणीतून गाळायचा, खडे-काड्या वर राहतात. गाळलेला चिखल कापडावर पसरून त्यातलं पाणी उडू द्यायचं. आणि मग त्यात मिसळायची राख. ही चुलीतली राख नव्हे. लॉस अलामॉसच्या पाठीमागे हेमेज डोंगरात एक प्रचंड ज्वालामुखी होता, सुमारे बारा लाख वर्षांपूर्वी तो शेवटचा मोठा फुटला तेव्हा त्याची राख साऱ्या पठारावर बसली आणि तिचा खडक झाला. माझं घर त्या खडकावर आहे. चौदा वर्षं मी बागेतल्या त्या भुसभुशीत गुलाबी-पांढऱ्या दगडाला शिव्या देत होते, त्यात झेंडूसुद्धा धड येत नाही. हीच जातकुळी दळून, वस्त्रगाळ करून या बाया मातीत घालतात. नुसती माती वाळताना फार आकसते आणि चिरते. राखेनं तिला धीर येतो, भाजताना वाफेला वाट मिळते. आमच्याकडचा कुंभार राख आणि लीद मिसळतो ते याच कारणासाठी. काही प्वेब्लोंत, उदाहरणार्थ आकोमाला, जुनी खापरं कुटून घालतात. ताओस आणि पिकुरिसच्या मातीत अभ्रकच इतकं असतं की वेगळं काही लागत नाही.

मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि वही घेऊन गेले होते. धंद्याची सवय. विचारलं, मातीला राख किती? लेकीनं ओंजळीनं राख घेतली, थोडी परत टाकली, पुन्हा थोडी घेतली. म्हटलं, थांब, काट्यावर ठेव. तिनं ठेवली. मी आकडा लिहिला. पुढच्या गोळ्याला तिनं त्याहून बरीच कमी घेतली. का? म्हणे हे पोतं वेगळं आहे. मग सायानं चिमूटभर कालवलेली माती जिभेवर ठेवली, दातांत फिरवली आणि मान हलवली. आणखी थोडी. मीही चाखून बघितली. मला माती लागली. वही अजून आहे, राखेच्या रकान्यात एकच आकडा आहे आणि त्यावर मीच काट मारलेली आहे.

कालवलेला गोळा ताडपत्रीवर टाकून पायांनी मळला. घरातली नऊ वर्षांची नात मळायला पुढे. तिला कुणी बोलावलं नव्हतं, टाच कशी दाबायची ते सांगितलंही नव्हतं.

घडवायला बसलो तेव्हा माझा दिवस उगवला. या मडक्यांना चाक नसतं. युरोपियन येण्याआधी या खंडात कुंभाराचं चाक नव्हतंच, आणि आल्यानंतरही या बायकांनी ते घेतलं नाही. बूड करायला मातीचा गोळा हातावर थापून गोल चकती करतात आणि पुकी नावाच्या खोलगट बशीत दाबून बसवतात. साया म्हणाली, मक्याच्या पोळीसारखं थाप. मी मनात म्हटलं, बाई, पोळीचं मला सांगू नकोस. आटपाडीकडची मी, सातवीपासून भाकरी थापतेय. दोन मिनिटांत कडेपर्यंत सारखी, एकही चीर नसलेली चकती तिच्यापुढे ठेवली. सायानं ती उचलून उजेडात धरली, लेकीला तेवात काहीतरी म्हणाली, आणि लेक माझ्याकडे बघून म्हणाली, "आई म्हणते, हिशेब सोड."

तो आनंद वीस मिनिटं टिकला.

बुडावर वळ्या चढवायच्या असतात. कडबोळ्याला वळतो तशी जाडसर वळी, ती काठावर आतून बाहेरून चिमटीनं जोडत न्यायची, मग वाळक्या तुंब्याच्या तुकड्यानं आतून फुगवत, खरवडत भिंत वर घ्यायची. डावा हात बाहेर, उजवा आत. डोळ्यांनी फार काही कळत नाही, दोन हातांच्या मध्ये किती माती आहे ते बोटांनाच कळावं लागतं. पुकी हळूहळू फिरवत राहायची. मी चार वळ्या चढवल्या, पोट छान फुगलं, जोर आला, पाचवी चढवली. नात टेबलाखाली बसून उरलेल्या मातीचं अस्वल करत होती. तिनं डोकं बाहेर काढून एकदा बघितलं आणि जाहीर केलं, "हे पडणार." सायानं तिला दटावलं नाही आणि मलाही थांबवलं नाही. सहावीला एक बाजू म्हशीसारखी बसली.

"माती दमली," साया म्हणाली. "तू नाही दमलीस, ती दमली. तिला जरा बसू दे." म्हणजे खालच्या वळ्या किंचित आवळेपर्यंत वरचं ओझं घालायचं नाही. किती वेळ? हवेवर आहे. माझी तीन मडकी बसली, चौथं उभं राहिलं. तेसुद्धा एका खांद्याला जरा उतरतं. मी ते सरळ करायला गेले तर सायानं हात धरला. आता हात लावलास तर पाचवं करावं लागेल.

वाळवण ही नुसती वाट बघण्याची गोष्ट. सावलीत, वाऱ्यापासून दूर, वर कापड. त्या आठवड्यात करण्यासारखं काही नव्हतं, तरी मी गेले. सप्टेंबरात तिकडे गावोगावी हिरव्या मिरच्या भाजतात त्याचा खमंग वास रस्त्याला लागल्यापासून येत होता, आणि सायाच्या घरी त्या मिरचीचं कालवण आणि मातीच्या घुमटी भट्टीतला पाव मिळणार हेही ठाऊक होतं. जेवण झाल्यावर तिनं मला आतल्या खोलीतली फळी दाखवली.

फळीवर वरपासून खालपर्यंत तिच्या घरातल्या बायका होत्या. म्हणजे त्यांची मडकी. जमिनीवर पणजीचा रांजण, धान्य साठवायचा, माझ्या कमरेएवढा. त्यावर आजीची घागर. मग आईची दोन, हाताच्या ओंजळीत मावतील अशी. मग तिची, लेकीची. मी म्हटलं, लहान लहान होत गेलीत. ती म्हणाली, "आगगाडी." १८८० मध्ये या भागात रेल्वे आली. तिच्याबरोबर पत्र्याची, चिनीमातीची भांडी आली आणि रांजणाचं काम संपलं. त्याच गाडीनं प्रवासी आले. प्रवाशाला रांजण नको, पेटीत मावेल असं काहीतरी हवं. आमच्याकडे ॲल्युमिनियम आलं आणि नंतर प्लॅस्टिकच्या घागरी आल्या तेव्हा कुंभाराकडे माठ, सुगडं, पणत्या आणि बेंदराचे बैल एवढंच उरलं. इथे मडक्यानं पाण्याचं काम सोडलं आणि बघायची वस्तू होऊन ते जगलं. यात काय कमावलं आणि काय गमावलं ते मला ठरवता आलेलं नाही. सायाला तर हा प्रश्नच पडलेला दिसला नाही.

काळ्यावर काळं चित्र काढायची जी पद्धत आज जगभर ओळखतात ती सान इल्देफोन्सो या तेवा गावच्या मारिया मार्तीनेझ आणि त्यांचे पती हुलियन यांनी १९१९ च्या आसपास बसवली. त्याच्या दहा-बारा वर्षं आधी जवळच्या पठारावर पुरातत्त्वाचं उत्खनन झालं होतं, एडगर हेवेट यांचं. तिथे निघालेल्या जुन्या खापरांसारखं काही करता येईल का, असं मारियांना विचारलं गेलं आणि त्यातून पुढचं सगळं सुरू झालं. मारिया घडवायच्या, हुलियन रंगवायचे. काळा रंग नवा नव्हता. घोटलेल्या चकचकीत काळ्यावर बिनचकाकीची काळी नक्षी, ही गोष्ट नवी होती. मारिया १९८० पर्यंत जगल्या, मागे मुलगा, सुना, नातवंडं, पणतवंडं करत राहिली. मडक्याखाली सही करायला लागल्यावर सहीचं मडकं जास्त किमतीला जातं म्हणून त्या गावातल्या इतर बायकांच्या मडक्यांवरही सही करून देत, असं सांगतात. संग्राहकांना हे फार बोचतं. मला हिशेबनीस म्हणूनही यात काही गैर वाटत नाही. माती गावची, लीद गावची, पद्धत गावची.

सान्ता क्लारा या दुसऱ्या तेवा गावच्या मार्गारेट ताफोया (१९०४–२००१) यांनी याच्या उलट केलं. लहान मडक्यांच्या काळात प्रचंड रांजण घडवत राहिल्या, आईसारखे. त्यांच्या घराण्याच्या मडक्यांवर अस्वलाच्या पंजाचा ठसा असतो. दुष्काळात अस्वलानं लोकांना पाणी दाखवलं अशी तिथली कथा आहे. नात टेबलाखाली अस्वल का करत होती ते मला त्या दिवशी कळलं.

जवळच पोहोआकेला पोए नावाचं सांस्कृतिक केंद्र आहे. स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संस्थेच्या संग्रहालयात गेलेली तेवा गावांची १०० जुनी मडकी २०१९ मध्ये तिथे परत आली. एका रविवारी साया मला घेऊन गेली. मी पाट्या वाचत होते. ती प्रत्येक मडक्यापाशी थांबून हळू आवाजात काहीतरी बोलत होती. परत येताना गाडीत विचारलं, काय म्हणत होतात? "विचारत होते, प्रवास कसा झाला."

वाळलेलं मडकं घासून गुळगुळीत करायचं काम कंटाळवाणं. पूर्वी दगडानं करत, आता सँडपेपर. तोंडाला मास्क लावून अंगणात बसायचं, कारण ती धूळ फुफ्फुसात जायची नाही. भुरकट पीठ भुवयांवर. तिथेच बुडावर नाव कोरायचं असतं. मी खिळ्यानं देवनागरीत कोरलं. लेकीनं विचारलं, हे काय लिहिलंस? म्हटलं, माझं नाव, गावाचं नाही. ती म्हणाली, बरं केलंस. १९९० चा कायदा आहे, मूलनिवासी नसलेल्यानं आपली वस्तू 'इंडियन' म्हणून विकली तर गुन्हा. मी म्हटलं, माझ्या पासपोर्टवर आत्ता आत्तापर्यंत इंडियन लिहिलेलं होतं. साया आतून ओरडली, "चुकून दिलेलं नाव आहे ते, तुझं तुला परत घेऊन जा!"

आता घोटाई. हेच खरं काम, बाकी सगळं त्याची तयारी.

सायानं एका लोकरी मोज्यातून दगड काढले. नदीतले गोटे, बोराएवढ्यापासून अंड्याएवढे. त्यांतला एक तिच्या आजीच्या आजीचा. एका अंगानं तो इतका झिजला होता की अंगठा आपोआप तिथे बसत होता, आणि तो अंगठा माझा नव्हता हेही कळत होतं. तिनं तो माझ्या हातात दिला, बघू दिला आणि परत मोज्यात ठेवला. मला लेकीचा मिळाला, वीसेक वर्षांचा. दगड हरवला तर घरात सुतक असल्यासारखं होतं, लेक म्हणाली. मडकं फुटलं तर दुसरं करता येतं.

लेप म्हणजे तांबड्या मातीचं पातळ कालवण. आपला गेरूच जणू. कापडाच्या बोळ्यानं एकावर एक हात द्यायचे आणि शेवटचा ओला असतानाच दगडानं घोटायला लागायचं. एकदा सुरू केलं की थांबायचं नाही. लेप वाळला की दगड त्यावर नुसता ओरखडतो. आडवं घोटायचं, मग उभं, मग पुन्हा आडवं, दाब सारखा. लहानपणी अक्षर घोटून घेत तसं. तासाभरानं माती ओल्या कातडीसारखी दिसायला लागली, दीड तासानं तिच्यात खिडकी दिसली. मान मोडत होती, मनगट जळत होतं आणि मला फार बरं वाटत होतं.

आणि फोन वाजला. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. ज्यांनी मुदत वाढवून घेतलेली असते त्यांनी १५ ऑक्टोबरपर्यंत विवरणपत्र भरायचं असतं, आणि ज्यानं वर्षभर एक कागद पाठवला नाही तो माणूस नेमका तेव्हा फोन करतो. मी उचलला नाही. फक्त कोण आहे ते बघितलं. परत वळले तर खांद्यापाशी दोन बोटांचा पट्टा फिकट पडला होता. त्यावर दगड फिरवला, खर्रर आवाज आला आणि रेघ उठली. साया खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती, पाठमोरी. तिनं वळूनही न बघता सांगितलं, "धुऊन टाक."

सगळा लेप ओल्या फडक्यानं काढला, मडकं वाळवलं, पुन्हा घासलं. पुढच्या शनिवारी पुन्हा बसले. साडेतीन तास. फोन गाडीत.

भाजायचा दिवस दोनदा पुढे गेला, वाऱ्यामुळे. वारा असला की आग एकीकडे धावते आणि मडकी तडकतात. नोव्हेंबरच्या एका पहाटे लेकीचा निरोप आला, आज ये. पोहोचले तेव्हा काळोख होता, नदीकाठचे पिवळे पडलेले कॉटनवूड नुसते आकार होते. मडकी स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये मंद आचेवर होती, उरलासुरला ओलावा जावा म्हणून. अंगणात रिकाम्या डब्यांवर लोखंडी जाळी, खाली सीडरच्या ढलप्या. जाळीवर पाच मडकी पालथी: सायाची दोन, लेकीची दोन आणि माझं. भोवती आडोशाला जुने पत्रे आणि गाड्यांच्या नंबरपाट्या, त्यांतली एक कोलोराडोची. पत्र्यांना टेकून वाळक्या शेणाच्या मोठाल्या खपल्या. मी सांगितलं, आमच्याकडे शेण गोळा करून हातानं थापतात, भिंतीवर, आणि त्यावर पाच बोटं उमटतात. सायाला हे भयंकर आवडलं. "तुम्ही लोक सगळंच थापता का?"

मग बोलणं बंद झालं. पेटवण्याआधी तिनं मक्याचं पीठ वाहिलं आणि आम्ही उभ्या राहिलो. ज्वाळा वर आल्या, गोवऱ्यांचा वास सुटला आणि मी क्षणभर थेट आजोळी पोहोचले. बंबाच्या मागे.

अर्धा-पाऊण तास असेल. साया घड्याळाकडे नाही, पत्र्यांच्या फटीतून मडक्यांच्या रंगाकडे बघत होती. मध्येच आतून आवाज आला. टप्प. फार मोठा नाही. तिघींनीही ऐकला. लेकीनं आईकडे बघितलं, आईनं आगीकडे. मग सायानं मान हलवली आणि लेक व नात दोघींनी घोड्याच्या लिदीचा भुगा घमेल्यांनी ओतायला सुरुवात केली. ज्वाळा गुदमरल्या. पिवळट, दाट धूर निघाला, जिथून धूर फुटेल तिथे नात धावत जाऊन भुगा आणि राख टाकत होती. तिलाही कुणी सांगत नव्हतं.

लाल लेपाचं काळं मडकं होतं ते या कोंडण्यानं. मातीत लोह असतं. मोकळी हवा मिळाली तर ते लालच भाजतं; लीद टाकलीच नसती तर तीच पाच मडकी तांबडी निघाली असती. हवा कोंडली की कोंडलेला धूर लोहातला ऑक्सिजन ओढून घेतो, लाल ऑक्साइड काळा होतो आणि बारीक छिद्रांत कार्बन बसतो. आग फार तापवायची नसते, सातशे अंश सेल्सियसच्या आसपास. त्याहून वर गेली तर इतके तास घोटलेली चकाकी निघून जाते. म्हणूनच ही मडकी पाणी भरायच्या कामाची नाहीत. चकाकी हवी तर पक्केपणा थोडा सोडायचा, असा तो सौदा आहे.

ढीग उकरला तेव्हा सायाची दोन्ही काळीभोर निघाली. माझ्या मडक्याच्या बुडाजवळ रुपयाएवढा टवका उडाला होता. वळी जोडताना आत हवेचा बुडबुडा राहिला असणार, चिमटीत घाई केली असणार. आणि एका अंगाला जिथून हवा शिरली तिथे तपकिरी ढग. तेवढ्यावर भागलं असतं. पण उडालेला टवका शेजारच्या मडक्याला लागला होता. लेकीच्या. त्याच्या खांद्यावर अस्वलाच्या पंजाच्या अगदी वर एक पांढुरकी खोक होती, नखाएवढी.

लेकीनं ते काडीवर तोलून बाजूला ठेवलं. ते मडकं एका दुकानाला द्यायचं ठरलेलं होतं, हे मला माहीत होतं. मी जे माझ्या स्वभावात आहे तेच केलं. पर्स उघडली. किती झाले सांग. ती काही बोलली नाही, आत निघून गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ. मी धुरात उभी. साया म्हणाली, "पर्स मिट. ते आता विकायचं नाही, घरात राहील." मग थोड्या वेळानं, "तिचा राग मिरचीपर्यंत जाईल."

गेला. पण तो वरवर गेला असं मला वाटतं. ते मडकं आता आतल्या खोलीत फळीवर आहे. पुढच्या वर्षी मी पुन्हा येऊ का असं मी लेकीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, ये, पण तुझं वेगळं भाजू. मला ते बरोबर वाटलं.

घरी आल्यावर रविवारी आईला व्हिडिओ फोन लावला. तिकडे सकाळ. आई चौऱ्याऐंशीची, दर चैत्रात स्वतः जाऊन माठ आणते, अजून. मडकं पुढे धरलं. टवक्याची बाजू मागे ठेवली होती, तिला ती लगेच दिसली.

"यात पाणी गार राहतं?"

"पाणी घालायचं नसतं यात."

"मग?"

मी घोटाई सांगितली, गोटे सांगितले, लीद सांगितली. लीद तिला पटली. मग म्हणाली, फोन जवळ धर आणि वाजव बघू.

मी मडकं तळहातावर घेतलं आणि वाजवलं. आई स्क्रीनला कान लावून ऐकत होती, त्यामुळे मला नुसता तिचा कान आणि कुडी दिसत होती.

"अजून एकदा."

पुन्हा वाजवलं.

"कमी भाजलंय," आई म्हणाली.